अकरावी ओळ

आमच्या घरात कुठलाही कागद सरळ राहत नाही. एसटीचं तिकीट असो, दुकानातली पावती असो, माझ्या हातात आली की तिची पुडी होते. चार घड्या, आणि शेवटचा कोपरा आत खोचलेला. मुलगी माझे खिसे तपासताना म्हणते, "बाबा, आप्पांचं औषध सापडलं." तिनं आप्पांना पाहिलेलं नाही. तिला ठाऊक असलेले निम्मे आप्पा मी सांगितलेले आहेत, आणि उरलेले निम्मे मी वाढवलेले, असं तिच्या आईचं मत आहे. माझ्या गोष्टींत माणसं दर वेळी दोन इंचांनी उंच होतात म्हणे. तेव्हा आधीच सांगतो, आप्पा जेमतेम पाच फुटांचे होते आणि इथं तेवढेच राहतील.

नव्वदीच्या शेवटी शेवटी मी रांजणगावच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागलो. काम असं, की पेटीतले नग मोजायचे आणि वाकडे बाजूला काढायचे. कारेगावात एकेका खोलीत सहा सहा जण झोपत होते, म्हणून मी शिरूरला खोली बघायला आलो. घरमालक म्हणजे आप्पा. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. घरमालक गाव विचारतात, खाणंपिणं विचारतात, लग्न विचारतात. यांनी विचारलं, "सोसायटीचं सभासद हाय का?"

मी म्हटलं, "हो. यवतजवळ गाव आहे आमचं. वडिलांच्या मागे दादाचं आणि माझं नाव लागलंय."

"मग निवडणुकीला कसं मारता? पॅनेल टू पॅनेल, का फोडून?"

मी पाणी किती वाजता येतं ते विचारायला आलो होतो. तरी म्हटलं, "पॅनेल टू पॅनेल."

"समदेच तसं म्हणत्यात," आप्पा म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. कागदाच्या पुडीत. कोपरा आत खोचलेली.

आता यंत्राचं बटण दाबणाऱ्या पिढीसाठी हे सांगायला हवं. गावच्या सोसायटीची निवडणूक म्हणजे एक लांबलचक मतपत्रिका. आमच्याकडच्या एका गटात आठ जागा आणि सोळा उमेदवार. आठ एका पॅनेलचे, आठ दुसऱ्याचे. एका पॅनेलची कपबशी, दुसऱ्याचं विमान. पण कपबशीवाले सगळे एका खाली एक नसतात. नावं मुळाक्षरांनी लागतात, त्यामुळे कपबशी, विमान, विमान, कपबशी अशी भेसळ होते. अख्ख्या पॅनेलला मत द्यायचं तर आपल्या चिन्हासमोर एकेक करून आठ शिक्के मारायचे. सात मारले तर चालतं, एका माणसाचं मत गेलं एवढंच. नऊ मारले तर पत्रिकाच बाद.

मी एकदा शहाणपणा करून विचारलं होतं, "आप्पा, पॅनेललाच एक खण का देत नाहीत? एक शिक्का मारला की आठही जणांना मत."

आप्पांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "कायद्याला पॅनेल ठाव न्हाई," ते म्हणाले. "कायद्याला माणूस ठाव हाय. येका माणसाला येक शिक्का. तुम्ही आठ माणसं गोणीत भरून आणली तरी त्यो गोणी सोडून येकेकाला म्होरं हुबा करतो. आन् मग तुमचा हात त्याच्या म्होरं जातो का न्हाई, ते बघतो."

पहिल्याच दिवशी शेजारच्या खोलीतला वेल्डर शर्मा मला नळावर भेटला. तीन वर्षं तिथं राहत होता. बादली भरता भरता म्हणाला, "दोपहर में बुलाएगा. शीशा दिखाएगा, बोलेगा गिनो. आप आठ बोलने का."

"आणि आठ नसले तर?"

"गिनने का नहीं, भाई. सिर्फ बोलने का."

दुपारी खरंच हाक आली. पुढच्या खोलीत एक टेबल, टेबलावर खिडकीच्या तावदानाएवढी काच. काचेखाली पिवळी पडलेली एक नमुना पत्रिका. निवडणुकीआधी पॅनेलवाले मतदारांना शिकवायला छापतात तसली. सोळा ओळी, सोळा नावं. बाजूला जांभळ्या शाईचा पॅड, रबरी शिक्का आणि ओलं फडकं. आप्पांनी डाव्या हाताचं बोट पहिल्या कपबशीवर ठेवलं आणि उजव्या हातानं शिक्का मारला. बोट खाली सरकलं. ठक. पुन्हा सरकलं. ठक. पत्रिकेकडे ते बघतच नव्हते. मान वर, डोळे समोरच्या भिंतीवर. शेवटचा शिक्का मारून त्यांनी काच माझ्याकडे फिरवली.

"मोजा."

माझा तर धंदाच तो. मी मोजले. सात होते. अकराव्या ओळीतली कपबशी कोरी होती.

दारात काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आठ," मी म्हटलं.

आप्पांनी फडक्यानं काच पुसली. तेव्हा मला दिसलं. इतक्या वर्षांच्या पुसण्यानं काचेवर सात जागी जांभळट डाग धरले होते, कितीही पुसले तरी न जाणारे. अकराव्या ओळीवरची काच मात्र काल दुकानातून आणल्यासारखी लख्ख होती.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी दुपारी बाराच्या सुमाराला खोलीत पडलेला असे. बाहेर ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि भिंतीपलीकडून तो आवाज येई. मी ऐकायचं नाही असं ठरवून ऐकत असे. पाच ठक लागोपाठ. मग एक ठक बसेल एवढी रिकामी जागा. मग दोन ठक. आवाज सातच, पण ताल आठाचा. हात तिथंवर जात होता. वर उचलला जात होता. फक्त खाली येत नव्हता. त्या रिकाम्या जागेत मी अंथरुणावर श्वास धरून पडलेला असायचो, आणि घड्याळाकडे बघून स्वतःला सांगायचो, की तुझी बस सुटेल.

मागचा प्रकार मला काकूंनी सांगितला, गहू निवडता निवडता. आप्पांचं मूळ गाव दौंड बाजूचं, भीमेकाठचं. तिथं त्यांचे धाकटे भाऊ, नाना, शेती बघत. मी यायच्या दहा-अकरा वर्षं आधी नाना सोसायटीला उभे राहिले, कपबशीकडून. आप्पा दर रविवारी शिरूरहून गावाला जायचे आणि नमुना पत्रिका घेऊन घरोघर लोकांना शिकवायचे. डावं बोट चिन्हावर, उजव्या हातात शिक्का. म्हाताऱ्या बायकांचे हात धरून त्यांनी शिक्के मारून घेतले. पॅनेलचे आठांपैकी सात निवडून आले. नाना एकटे पडले, एका मतानं.

"आन् मोजताना येक पत्रिका निघाली," काकू म्हणाल्या. "सात शिक्के, समदे येका रेषेत. नानांची वळ रिकामी. कागदावर घड्या कशाच्या, तर पुडीच्या. कोपरा आत खोचल्याली."

"मग लोकांनी ओळखलं?"

"लोकांना काय कळतंय. टेबलाजवळ ह्येच हुबं हुतं. ह्यांनीच सांगितलं, ही माझी घडी हाय म्हणून."

मी विचारलं, भावांत काही होतं का. काकूंनी गव्हातला खडा काढून बाजूला टाकला. "त्येच तर. काय बी न्हवतं."

तेव्हापासून नाना शिरूरला आले नव्हते आणि आप्पा गावाला गेले नव्हते. सोसायटीच्या निवडणुकासुद्धा मधल्या काळात बिनविरोध झाल्या होत्या. आप्पा पत्रिका काचेखाली घालून बसले. त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं, की तो हात आपला नव्हता. किंवा होता, पण चुकून. रोज दुपारी ते स्वतःची परीक्षा घेत आणि आम्ही भाडेकरू त्यांना पास करत होतो.

हे असं वर्षभर चाललं. मग मला बढती मिळाली. कंपनीनं छातीवर लावायला बिल्ला दिला आणि मला वाटू लागलं, की खरं बोलायला जगात मीच नेमलेला आहे. एका दुपारी काच माझ्याकडे फिरली, आणि मी म्हटलं, "सात."

आप्पांनी काच आणखी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "परत मोजा."

"सातच आहेत, आप्पा. रोज सातच असतात."

"कंचं राह्यलंय?"

"अकरावं."

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. "हितं? हितं तर हाय की," ते म्हणाले. अगदी साधेपणानं, जसं आपण म्हणतो की चष्मा कपाळावरच आहे. आणि बोट उचलून त्यांनी धोतराला पुसलं, शाई लागल्यावर पुसतात तसं.

धोतरावर जांभळा डाग उमटला. त्यांची बोटं नेहमीच शाईनं भरलेली असत, हे मी स्वतःला त्या दिवसापासून सांगत आलो आहे. पण त्या क्षणी मी खोलीत जाऊन कडी लावून बसलो. भर दुपारी बारा वाजता. बिल्ल्यासकट.

दुसऱ्या दिवशी ठक वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इतके दिवस त्या आवाजानं झोप येत नव्हती, आता त्याच्या नसण्यानं येईना. शर्मानं नळावर माझ्याकडे पाठ फिरवली. "सच बोलके आपको क्या मिला?" एवढंच म्हणाला. काकू चहा द्यायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी आप्पा माझ्या दारात उभे राहिले. इस्त्रीचं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. म्हणाले, "रविवारी सुट्टी असंल ना? गावाला जायचंय. सोसायटीचं मतदान हाय. नाना हुबा हाय."

"मी कशाला, आप्पा?"

"तुम्हाला मोजता येतंय."

न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या एसटीत आम्ही बसलो. आप्पा खिडकीशी. पिशवीतून त्यांनी त्या वेळची नवी नमुना पत्रिका काढून दाखवली. कुणीतरी पोस्टानं पाठवली होती, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. अक्षर बघून आप्पा म्हणाले, "नानाचं हाय." नवी माणसं, नवा क्रम. या वेळी वरच्या चारही ओळी कपबशीच्याच होत्या आणि नानांचं नाव चौथ्या ओळीत होतं.

"अकरावी वळ सुटली आप्पा तुमची," मी विनोद केला. माझ्या विनोदांना वेळ कळत नाही, ही घरातली जुनी तक्रार आहे.

आप्पांनी पत्रिकेची पुडी केली. "येका मतानं पडला त्यो," ते बाहेर बघत म्हणाले. "माझं मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती. मग चिठ्ठी काढली असती. चिठ्ठीत देव असतो. पत्रिकेत म्या हुतो."

"तुमच्या मनात खरंच काही नव्हतं?"

"मत गुप्त असतंय," आप्पा म्हणाले. "मारणाऱ्यापासनं बी."

मतदान शाळेत होतं. फाटकापासून लांब चुन्याची रेघ, रेघेबाहेर दोन्ही पॅनेलची टेबलं. विमानाच्या टेबलावरचा एक जण आप्पांना बघून म्हणाला, "आले, औषधवाले आले. नाना, जपून ऱ्हा." दोघं-तिघं हसले. कपबशीच्या टेबलामागे एक पांढऱ्या मिशांचा माणूस उठून उभा राहिला. आप्पांचाच चेहरा, फक्त उन्हात जास्त राहिलेला. दोघं एकमेकांकडे न बघता एकमेकांना ओलांडून गेले आणि आप्पा शाळेत शिरले.

मी रेघेबाहेर थांबलो. आत जायला मी काही तिथला सभासद नव्हतो. वर्गाची खिडकी उघडी होती आणि आडोशाला लावलेला पुठ्ठा वरून थोडा दिसत होता. बाहेर माणसं बोलत होती, लाऊडस्पीकरवर कुठंतरी भजन चालू होतं, तरीही, हे वाढवून सांगत नाही, मला ते ऐकू आलं. ठक. ठक. ठक. मग ती रिकामी जागा. मग चार ठक.

किंवा मला त्या तालाची सवय झाली होती. शंभर पावलांवरून रबरी शिक्का ऐकू येत नाही, एवढं मलाही समजतं.

आप्पा बाहेर आले. बोटाला शाई. ते सरळ चालत आले आणि या वेळी नाना वाटेत उभे होते. गावातली आठ-दहा माणसं अवतीभवती. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द काय असेल, याची सगळ्यांनाच उत्सुकता होती.

"किती मारलं, दादा?" नानांनी विचारलं.

"आठ," आप्पा म्हणाले.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी कोण, कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. आप्पाही माझ्याकडे बघत होते. 

"आठ," मी म्हटलं. मी आत गेलेलोच नव्हतो.

नानांनी मान डोलावली. मग ते टेबलाकडे वळून कुणाला तरी म्हणाले, "दादाला च्या सांग. बिनसाखरेचा."

मोजणी संध्याकाळी होती, आम्ही त्याआधीच निघालो. नाना निवडून आले. एका मतानं नाही, चांगल्या वीस-बावीस मतांनी. आठवड्याभरात ते पेढे घेऊन शिरूरला आले. काकूंनी त्यांना बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. नाना पुढच्या खोलीत काचेसमोर बसले. म्हणाले, "मार बघू, दादा."

आप्पांनी बोट ठेवलं. मी आणि शर्मा दारात उभे. पाच ठक, जागा, दोन ठक. काच फिरली. नानांनी मोठ्यानं मोजलं, एकेका शिक्क्यावर बोट ठेवत. येक, दोन, तीन. पाच झाल्यावर त्यांचं बोट अकराव्या ओळीवर आलं, कोऱ्या काचेवर, स्वतःच्याच नावावर. तिथं ते थांबलं नाही. "सहा," नाना म्हणाले, आणि पुढे मोजत गेले. "आठ. पुस आता."

आप्पांनी काच पुसली आणि फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं. रोज ते टेबलावरच ठेवायचे.

नानांना एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो. गाडी लागायला वेळ होता. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "मोजताना येक पत्रिका निघाली."

मी त्यांच्याकडे वळलो.

"चार घड्या. कोपरा खोचल्याला. सात शिक्के."

"रिकामी ओळ कुठली होती?" मी विचारलं. "अकरावी?"

"अकराव्या वळीला आवंदा दुसराच गडी हुता, त्याला बराबर मत पडलंय." नानांनी पिशवी खांद्याला अडकवली. "रिकामी हुती ती चौथी. माझीच."

 वर्षभर मी धरून चाललो होतो, की हाताला एक ओळ सुटायची सवय लागली आहे. हाताला ओळ नव्हती लागलेली. हात माणूस शोधत होता.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय," नाना म्हणाले. "आलो की पेढे घेऊन." आणि गाडीत चढले.

त्यानंतर ठक वाजलं नाही. आप्पा सुपारी कातरत, येणाऱ्याजाणाऱ्याला प्रसाद पुडीत बांधून देत, आणि दुपारी झोपत. दोन वर्षांनी असेच एका दुपारी झोपेत गेले. मी तोवर लग्न करून दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी ती काच माझ्या हातात दिली, जुन्या धोतरात गुंडाळलेली. "तुम्ही येकट्यानंच खरं सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडंच असू द्या." हा मान होता की शिक्षा, ते मी विचारलं नाही.

काच बरीच वर्षं आमच्या माळ्यावर होती. मग आमच्या गावी दादा सोसायटीला उभा राहिला. माझं आणि दादाचं तसं काही नाही. विहिरीवरच्या मोटारीवरून एकदा शब्दाला शब्द लागला होता, तोही वहिनींनी तिथल्या तिथे मिटवला. दादानं नमुना पत्रिका पाठवली. त्याचं नाव दुसऱ्या ओळीत.

मतदानाच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी काच खाली काढली. गंमत म्हणून. दादाची पत्रिका तिच्याखाली सरकवली, मुलीचा खेळण्यातला रबरी शिक्का घेतला, डावं बोट चिन्हावर ठेवलं आणि मान वर करून भिंतीकडे बघत मारत गेलो. ठक, ठक. किती झाले ते मी मोजत नव्हतो. मोजणं हा माझा धंदा असूनही.

बायको तिथंच तांदूळ निवडत होती. मी काच तिच्याकडे फिरवली. "मोज गं जरा."

तिनं वाकून बघितलं. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं. मला वाटलं, वर कुठंतरी ते जरासं घुटमळलं. पण माझं वाटणं किती धरायचं ते तिनं आधीच सांगून ठेवलं आहे.

"आठ," ती म्हणाली, आणि तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

'आठ' म्हणतानाचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शाळेच्या फाटकाबाहेर तो माझा स्वतःचा होता.

मी खाली न बघता काच पुसली. दुसऱ्या दिवशी गावी जाऊन मतदान केलं, बोटानं तीनदा मोजून. आणि पत्रिकेची घडी करताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कोपरा आत खोचला नाही.